घटातली अठरा धान्ये: रोजच्या जगण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

जळगाव जामोद तालुक्याचे नाव वर्षातून एकदा हमखास महाराष्ट्रभर पोचते. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तालुक्यातल्या भेंडवळ गावाबाहेरच्या शेतात घट मांडला जातो. जमिनीवर एक मोठे वर्तुळ आखतात आणि त्याच्या कडेने धान्ये मांडतात. मधोमध खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोई, कुरडई, करंजी, आणि जवळच पानाचा विडा ठेवतात. रात्री तिथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवण्याच्या सुमारास घटात काय हलले, काय भिजले, काय जागचे गेले हे पाहून यंदाचा पाऊस, पीक आणि राजा यांचे भाकीत सांगितले जाते. ऐकायला दूरदूरचे शेतकरी आलेले असतात, आता कॅमेरेही असतात. दुपारपर्यंत भाकीत सगळ्या बातम्यांत येते आणि संध्याकाळपर्यंत वाद सुरू होतो: हे खरे की खोटे?

त्या वादातली माझी बाजू आधीच सांगतो. घागरीखालच्या ढेकळांचे भिजणे आणि अरबी समुद्रावरून येणारे वारे यांचा संबंध जोडायला काहीही आधार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत आणि ते बरोबर सांगतात. पण खरे-खोटे ठरवून झाले की आपण भेंडवळकडे पाठ फिरवतो आणि पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत तिकडे पाहत नाही. याचे मला फार वाईट वाटते. कारण पाऊस कळण्यासाठी तो घट निरुपयोगी असला तरी या भागातली माणसे काय पेरत होती, काय खात होती, कशाला भीत होती हे कळण्यासाठी त्याच्याइतका चांगला दस्तऐवज तालुक्यात दुसरा क्वचितच सापडेल.

घटातली धान्ये अठरा आहेत: अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, भादली, करडी, बाजरी, मठ, साळी, जवस, लाख, वाटाणा, गहू, हरभरा आणि मसूर. ही यादी घेऊन जुलै महिन्यात तालुक्यातल्या कोणत्याही शिवारातून चालत जावे. दोन्ही बाजूंना सोयाबीन दिसेल, कपाशी दिसेल, मका दिसेल. सोयाबीन यादीत नाही. मका यादीत नाही. यादीतली भादली, लाख, जवस, अंबाडी ही नावे आजच्या विशीतल्या मुलाला विचारली तर त्यांतले एखादेच त्याने पाहिलेले असेल. विदर्भाच्या शिवारात सोयाबीनने घट्ट पाय रोवले ते 1990 नंतरच्या काळात. त्याने घरातले तेल बदलले, जनावरांचा चारा बदलला, पेरणीचा खर्च बदलला आणि दिवाळीच्या आधी हातात रोख पैसा येण्याची वेळही बदलली. एवढे सगळे शिवारात झाले आणि घटात काहीच झाले नाही. पीक बदलले की यादी बदलते असे सरकारी कागदावर होते. सातबाऱ्यातला गाव नमुना बारा हा पिकांचाच नमुना आहे, त्यात यंदा काय पेरले ते यंदाच लिहिले जाते. घटाची यादी मात्र ज्या काळात ठरली त्या काळाशी इमान राखून आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की एका तालुक्याच्या शेतीचा, स्वयंपाकाचा आणि कर्जाचा इतिहास समोर उभा राहतो, आणि त्यासाठी लागणारा कागद तलाठ्याकडे आहे, आठवण घराघरात आहे. कोणी तो उद्योग करत नाही इतकेच.

पुढे जाऊन प्रतीकांकडे पाहावे. पुरी म्हणजे पृथ्वी. करंजी म्हणजे तिजोरी. सांडोई-कुरडई म्हणजे गुराढोरांचा चारा. करडी म्हणजे संरक्षण, मसूर म्हणजे शत्रू, भादली म्हणजे रोगराई, विडा म्हणजे राजा. विडा जागचा हलला नाही तर राजा कायम. चार ढेकळे म्हणजे पावसाचे चार महिने. शेतकऱ्याच्या घटात तिजोरी, शत्रू आणि संरक्षण कशासाठी आले? ही परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केली असे सांगितले जाते. तो काळ नेमका कोणता याचा पुरावा शोधणे हे इतिहासकाराचे काम आहे. पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याने नंतरच्या दीड-दोन शतकांत काय पाहिले ते आपल्याला माहीत आहे. मोगलांची सत्ता गेली आणि निजामाची आली. निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही याच शेतांतून वसुली करू लागले, लोक त्याला दोअमली म्हणत. 29 नोव्हेंबर 1803 रोजी इथून पूर्वेला, आजच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावच्या मैदानात वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी झाल्या. अशा मुलखात पाऊस चांगला होऊन भागत नव्हते. पीक घरात येईपर्यंत राजा कोण असेल, फौज कुठून जाईल, वसुली किती होईल, हेही पावसाइतकेच अनिश्चित होते. म्हणून एका वर्तुळात धान्यही आले आणि तिजोरीही आली. हा माझा तर्क आहे, तो तपासून पाहावा लागेल, खोडावाही लागेल. पण अशा तर्काला जागा घटाला नमस्कार करूनही मिळत नाही आणि त्याला हसूनही मिळत नाही.

राजकीय भाकिताचे आजचे वजनही याच रेषेवर आहे. 2024 साली लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागू असल्यामुळे राजाबद्दल काही सांगितले गेले नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेने भेंडवळच्या शेतातल्या विड्याची दखल घ्यावी ही साधी गोष्ट नाही.

इथपर्यंत इतिहास झाला. आता समाजशास्त्राचा प्रश्न. अक्षय तृतीया हा वऱ्हाड-खान्देशात शेतीचे वर्ष पालटण्याचा दिवस. पितरांच्या नावाने पाण्याची घागर याच दिवशी भरतात, आणि सालदाराचा करारही याच सुमारास संपतो आणि नव्याने ठरतो. भेंडवळच्या मांडणीच्या मधोमधही घागरच आहे, ही जवळीक मला महत्त्वाची वाटते. म्हणजे हा दिवस एकाच वेळी मेलेल्यांना पाणी देण्याचा, येणाऱ्या पावसाचा अंदाज घेण्याचा आणि माणसाच्या वर्षभराच्या श्रमाची किंमत ठरवण्याचा आहे. आता पुन्हा घट पाहा. त्यात जनावराच्या चाऱ्याला जागा आहे, राजाला आहे, शत्रूला आहे. मजुरीला नाही. यंदा निंदणाची रोजी किती राहील, सालदाराला किती पोती ज्वारी मिळेल हे कुठल्या धान्यावरून वाचायचे ते कोणी ठरवलेले नाही. वर्तुळ शेत असलेल्याने आखलेले आहे. शेत नसलेली माणसे त्या सकाळी तिथे उभी असतात का, आणि असली तर काय ऐकायला, हे विचारल्याशिवाय घटाचा अभ्यास अर्धाच राहील.

एखादी रीत केव्हापासून आहे आणि का बदलली किंवा बदलली नाही, हे इतिहास विचारतो. ती कोण करते, कोणासाठी करते, कोणाला करू देत नाही आणि तिचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हे समाजशास्त्र विचारते. हे दोन प्रश्न वेगळे केले की संस्कृतीचा अभ्यास दोनपैकी एका खड्ड्यात पडतो: एक तर सणावारांच्या कौतुकाची यादी होते, नाही तर तक्त्यांचा अहवाल होतो. पुढच्या पानांत हे दोन प्रश्न मी शक्य तिथे जोडीनेच विचारले आहेत, आणि वाचकानेही आपापल्या गावाला ते जोडीनेच विचारावेत अशी इच्छा आहे.

मराठीत ही वाट नवी नाही, आपणच ती मोडू दिली. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. त्यांत धर्मविचार तर आहेच, पण कोण कोणाच्या घरी काय जेवले, कोण कुठल्या ओट्यावर बसले, वाटेत कोण भेटले हेही आहे. आणि हे काम वऱ्हाडातच, रिद्धपूरच्या परिसरात झाले. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' 1915 साली आले. महसूल खात्यात नोकरी करता करता त्यांनी वतनदार, बलुतेदार, फिरस्ते आणि कुळे यांचे देणेघेणे इतक्या बारकाईने टिपले की आजही बलुत्याबद्दल बोलताना त्यांना टाळता येत नाही. आत्र्यांचे सगळे निष्कर्ष मला मान्य नाहीत. गावाच्या उतरंडीत तळाला असलेल्यांकडे ते वरूनच पाहतात. पण पाहतात, आणि नेमके पाहतात. नारायण गोविंद चापेकरांनी न्यायखात्यातून निवृत्त झाल्यावर 'बदलापूर' लिहिले, 1933 साली. एका गावावर एवढा मोठा ग्रंथ लिहिण्याची कल्पनाच तेव्हा अपूर्व होती. इरावती कर्वे यांनी हेमलता आचार्य यांच्याबरोबर आठवडी बाजारांचा अभ्यास केला, तो 1970 मध्ये प्रसिद्ध झाला. बाजाराला कोण किती चालत येते, काय विकते, काय घेऊन परत जाते, एवढ्या साध्या प्रश्नांतून माणसांची खरी सोयरीक आणि खरा भूगोल कसा कळतो हे त्यात दिसते.

आणि गो. स. घुर्ये यांचे लोणीकंद. पुण्याजवळच्या या गावाचे वर्णन थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने 1819 च्या सुमारास लिहून ठेवले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी घुर्ये यांनी त्याच गावाकडे पुन्हा पाहिले आणि तेव्हाचे व आताचे ताडून 1960 साली पुस्तक केले. कोट्सने लिहिले नसते तर घुर्ये यांना मोजायला पट्टीच उरली नसती. जळगाव जामोद तालुक्यातल्या एखाद्या गावाचे असे एक तरी वर्णन आज लिहिले गेले, तर शंभर वर्षांनी कोणाला तरी ती पट्टी मिळेल. मला या कामाची घाई वाटते ती यासाठी.

बाहेरच्या जगातही हे काम अशाच हट्टी माणसांनी केले. मार्क ब्लॉक आणि लुसियन फेव्हर यांनी 1929 साली फ्रान्समध्ये 'आनाल' हे नियतकालिक काढले आणि राजे-लढायांच्या पलीकडे नांगर, भाकर, रस्ते आणि समजुती यांचा इतिहास लिहायला लावला. त्याच परंपरेतल्या ल रॉय लादुरी यांनी 1975 मध्ये माँतायू या डोंगरी खेड्यावर पुस्तक लिहिले. चौदाव्या शतकातल्या एका बिशपाने पाखंडाच्या चौकशीत गावकऱ्यांच्या ज्या जबान्या घेतल्या होत्या, त्यांतून मेंढपाळांची दोस्ती, घरातली भांडणे आणि मरणाबद्दलच्या कल्पना त्यांनी बाहेर काढल्या. दंड करण्यासाठी लिहिलेला कागद सहाशे वर्षांनी त्याच माणसांची बाजू सांगू लागला. आपल्याकडे एम. एन. श्रीनिवास यांची म्हैसूरकडच्या गावावरची टिपणे 1970 साली अमेरिकेत आगीत जळाली, तेव्हा त्यांनी आठवणीवर विसंबून पुस्तक लिहिले. आठवण हाही पुरावा असतो, तो कसा तपासायचा हे मात्र शिकावे लागते.

आता तालुक्याकडे वळतो. बुलढाणा जिल्ह्यातली माणसे जिल्ह्याचे दोन भाग बोलतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. जिल्ह्याचे ठाणे घाटावर, जळगाव जामोद घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी. खान्देशातल्या जळगावहून वेगळे ओळखू यावे म्हणून शेजारच्या जामोदचे नाव जोडले गेले. 'आईन-ए-अकबरी'त हे नरनाळा सरकारातल्या परगण्याचे ठिकाण आहे. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला, 1903 साली तो मध्य प्रांताला जोडला गेला, आणि 1905 पर्यंत जळगाव तालुका अकोला जिल्ह्यात होता. जिल्ह्याच्या कागदांत तालुक्याचा जुना माग शोधणाऱ्याने अकोल्याची दप्तरेही उघडावीत, हे त्यातून येणारे साधे पण कामाचे सूत्र. उत्तरेला डोंगर ओलांडला की बुऱ्हाणपूर. सोयरीक, बाजार, मजुरी आणि बोली यांना राज्याची सीमा तिथे आडवी येत नाही.

दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात उतरू लागले की खारपाणपट्टा लागतो. इथे विहीर खोदणे पुरेसे नसते, पाणी गोड लागावे लागते. खाऱ्या, जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्यावर मूत्रपिंडाचे आजार होतात ही इथल्या घराघरातली भीती आहे. गोड पाण्याची एक विहीर गावात असली तर त्या विहिरीवर कोणाची घागर आधी बुडते, कोणाची बाजूला थांबते, कोणाला वरून ओतून पाणी मिळत असे, या सगळ्यात गावाची जातव्यवस्था जशी उघडी पडते तशी कुठल्याही ग्रंथात पडत नाही. 1927 साली महाडच्या तळ्यावर काय झाले ते आपण शाळेत शिकतो. आपल्या गावातल्या गोड्या विहिरीवर काय होत होते ते कोणी शिकवत नाही. वान धरणाच्या पाणीपुरवठा योजनेचे पाणी आल्यावर डाळ लवकर शिजू लागली का, बायांचे पाण्यासाठीचे चालणे किती घटले, जुनी विहीर कोणाच्या मालकीची झाली, नळाला पाणी नसते त्या दिवशी जुना क्रम परत लागतो का: हे प्रश्न धोरणाचे म्हणून कोणी विचारतही असेल, पण ते संस्कृतीचेही प्रश्न आहेत.

तालुक्यातली दुसरी मोठी ठेव भाषेची आहे आणि तिची जाणीव खुद्द तालुक्यालाही फारशी नाही. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये निहाल लोक निहाली बोलतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. ही भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, तेलुगू-गोंडीच्या कुळातली नाही, शेजारच्या कोरकूच्या मुंडा कुळातलीही नाही. जगात तिचे नाते सांगता येईल अशी दुसरी भाषा अजून सापडलेली नाही. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाने तिची नोंद विसाव्या शतकाच्या आरंभी घेतली. सुधिभूषण भट्टाचार्य यांनी 1950 च्या दशकात प्रत्यक्ष जाऊन टिपणे केली. डच पंडित कायपर यांनी 1962 साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आशा मुंडले यांनी शब्दकोश सिद्ध केला, के. एस. नागराज यांनी व्याकरण लिहिले. ॲमस्टरडॅममध्ये ज्या भाषेवर पुस्तक निघाले, ती भाषा जळगावच्या बाजारात कानावर पडली तर बहुतेक जण तिला कोरकूच समजतात.

निहालीच्या शब्दसंग्रहात कोरकूतून आलेले शब्द भरपूर आहेत. अंकांकडे पाहिले तर एकासाठी तिचा स्वतःचा शब्द आहे, दोन ते चार द्राविड भाषांशी जुळतात आणि पाचापासून पुढे आर्य भाषांचे. एका लहान समाजाने हजारो वर्षांत कोणाकोणाच्या शेजारी दिवस काढले, कोणाकडे कामाला गेले, कोणाच्या बाजारात मोजमाप केले याची ही नोंद आहे. इथे समाजशास्त्र हवेच. कारण निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतात राबत आले आणि कोरकू त्यांना आपल्याहून खालचे मानत आले. इंग्रजी कागदांत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे निहाल लुटारू म्हणून येतात. त्यांची भाषा म्हणजे चोरांची गुप्त बोली असावी अशीही शंका विद्वानांनी बोलून दाखवली. आजच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव कोरकूंच्याच नोंदीत आहे. म्हणजे कागदावर त्यांना स्वतंत्र घर नाही. मेळघाट टाळून आखलेला अकोला–खंडवा रेल्वेचा नवा मार्ग सोनाळा, जामोद, कुवरदेव याच बाजूने जायचा आहे. रस्ता, शाळा, मजुरी, रेल्वे यांचा हक्क निहालांनाही आहे आणि त्यांनी भाषा जपण्यासाठी डोंगरातच राहावे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्यांच्या मुलांच्या शाळेत त्यांच्या भाषेतले एक गाणे तरी म्हटले जावे, एवढे आपण करू शकतो. आणि त्यांच्याबद्दल लिहायचे तर त्यांच्यातल्याच शिकलेल्या मुलामुलींनी लिहावे, बाकीच्यांनी हाताखाली काम करावे.

डोंगरातून खाली आले की बारी समाजाचे पानमळे. नागवेलीला सावली हवी, ओल हवी, वारा अडवायला कूड हवा, आणि रोज माणसाचा हात हवा. पानमळ्यात चप्पल घालून न जाण्याची रीत, बाईच्या विटाळाचे नियम, नागपंचमीची पूजा हे सगळे रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात नोंदले आहे. त्यांनी ते जातीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदले. मला त्यात कामाची शिस्तही दिसते: वेलाला रोग लागू नये, मळ्यात नको ती वर्दळ होऊ नये. आणि त्या शिस्तीत बाईला कुठे उभे केले आहे तेही दिसते. रसेलच्या पुस्तकातल्या, लायलने 1870 साली संपादित केलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरमधल्या किंवा नेल्सनच्या 1910 च्या बुलढाणा गॅझेटियरमधल्या मजकुराचा उपयोग असा दुहेरीच करावा. ते कर वसूल करणाऱ्यांचे कागद आहेत. त्यांत कापूस आहे, कारण अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 नंतर लँकेशायरला वऱ्हाडचा कापूस हवा होता. दुष्काळही आहे. पण 1899–1900 च्या छप्पनच्या दुष्काळात घरातले कोणते भांडे आधी विकले गेले, हे त्यांत नाही. ते आजीच्या आजीने सांगितलेल्या गोष्टीत असते. बुलढाण्याचेच यादव माधव काळे यांनी 1924 साली 'वऱ्हाडचा इतिहास' लिहून सरकारी गॅझेटियरला मराठी उत्तर दिले. ते काम वंदनीय आहे. त्यातही स्वयंपाकघर मात्र आलेले नाही.

स्वयंपाकघराचा इतिहास बायांनी ठेवला आणि तो कागदावर ठेवला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतून माहेर, सवत, जात, दुष्काळ, आंबेडकर, सगळे काही बाईच्या तोंडून ऐकू येते. विजेची चक्की आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओव्या थांबल्या. कष्ट वाचले हे फार चांगले झाले. पण पहाटेची ती बोलण्याची जागाही गेली, आणि तिची जागा कशाने घेतली हे शोधायला हवे. आपल्या भागात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. ओळखताना घेतलेल्या पदार्थांच्या नावांची कोणी वर्षावर्षाने यादी ठेवली असती, तर साखर, मैदा, पाकिटातला खाऊ घरात केव्हा शिरला ते महिन्यासकट सांगता आले असते. घरातले अन्न आणि भूक लिहिण्याचे हे काम मराठीत दलित आत्मकथनांनी सर्वांत धैर्याने केले. दया पवारांचे 'बलुतं' 1978 चे, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' 1986 चे. भूक, शिळे अन्न, मेलेले जनावर, बाळंतपण यांबद्दल त्यांनी जे लिहिले ते वाचल्यावर महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीवर गोडगोड लिहिणे अशक्य व्हायला हवे होते.

अभ्यासाला साधने नाहीत ही तक्रार मला मान्य नाही. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू आहेत, पेरेपत्रकात पिके आहेत, शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात मुलाचे वय, जात आणि शाळा सुटण्याचे कारण आहे. गेल्या काही वर्षांत जातीच्या दाखल्यासाठी हजारो माणसांनी ही दप्तरे उघडली, पणजोबाची एक ओळ शोधली आणि दप्तर मिटले. त्याच पानावर शेजारच्या ओळींत त्या वर्षी गावात किती तान्ही मुले गेली तेही लिहिलेले होते. दुकानदारांच्या खातेवह्या, लग्नातल्या आहेराच्या याद्या, उर्दू शाळांचे कागद, दर्ग्याच्या उरुसाचे हिशेब हेही त्याच मोलाचे. जळगाव जामोद शहराचा इतिहास उर्दू न वाचता लिहिला तर तो अपुरा राहील.

वाचकाला, विशेषतः तालुक्यातल्या शिक्षकांना आणि महाविद्यालयातल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. पुढची पाने वाचून झाल्यावर एक वही घ्या. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा की तिच्या लग्नाच्या वर्षी घरात कोणती धान्ये होती, पाणी कुठून यायचे, मजुरी कशात मिळायची आणि कोणाच्या घरी पाणी पिता यायचे नाही. ती जे सांगेल ते तिच्याच बोलीत लिहा, पुस्तकी करू नका. वर गावाचे नाव आणि तारीख घाला, कोणी सांगितले ते तिच्या परवानगीने नोंदवा. जे तिने सांगू नको म्हटले ते लिहू नका. आणि लिहिलेल्याची एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा.